चेकनाक्यापर्यंत आलेला शह

ठाण्याकडून येताना मुंबई जिथे सुरू होते, त्या जागेला मुलुंडमध्ये कुणी हद्द म्हणत नाही की वेस म्हणत नाही. ती जागा म्हणजे चेकनाका. रस्त्याला लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव मिळून कितीतरी वर्षं झाली, तरी माझ्या पिढीच्या तोंडी तो आग्रा रोडच आहे. चेकनाक्याला मात्र दुसरं नाव द्यायला कुणी गेलं नाही, आणि दिलं असतं तरी ते टिकलं नसतं. बेस्टची बस तिथे जाते, ठाणे परिवहनची बस तिथे जाते, शेअर रिक्षावाले तेच नाव पुकारतात. लग्नाच्या पत्रिकेवर हॉलचा पत्ता छापतानाही 'चेकनाक्याजवळ' ही खूण लागतेच.

30 जून 2017 च्या मध्यरात्री मुंबईतली जकात बंद झाली आणि दुसऱ्या दिवसापासून जीएसटी आला. ज्या कामासाठी नाका होता ते काम संपलं, नाव राहिलं. वडाळ्याहून कासारवडवलीला जाणाऱ्या मेट्रो 4 च्या स्थानकांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मात्र थबकले. सोनापूर, मुलुंड फायर स्टेशन, मुलुंड नाका, तीन हात नाका. यादीतून 'चेक' गळला आहे. तर्काला धरूनच आहे ते. तिथे आता माल तपासत नाहीत, मग शब्द कशाला हवा? तरी मला वाईट वाटलं, आणि का वाटलं याचा विचार करता करता या एका शब्दाच्या मागे लागले. तो मुळात इंग्रजांचा नाही. इतक्या लांबून आणि इतकी रूपं बदलत तो आमच्या मुलुंडच्या वेशीवर येऊन उभा राहिला, की त्याची कहाणी कुणीतरी सांगायला हवी.

सुरुवात बुद्धिबळाच्या पटावर होते. चतुरंग आपल्याकडचा. तो इराणात गेला आणि तिथे राजाला 'शाह' नाव मिळालं. समोरच्याच्या राजावर रोख धरला की खेळाडूने 'शाह!' असं मोठ्याने सांगायचं, म्हणजे तुझा राजा संकटात आहे, सावध हो. अरबांबरोबर हा खेळ युरोपात पोहोचला. 'शाह'चं जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झालं आणि फ्रेंच बोलणारे नॉर्मन लोक इंग्लंडवर राज्य करत असल्याने तिथून इंग्रजीत 'चेक'. 'चेस' हे खेळाचं नावही त्याच शब्दाचं अनेकवचन. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने एका काव्यात नियतीशी बुद्धिबळ खेळणारा सरदार रंगवला. नियती त्याला शह देते आणि त्याचं लाडकं मोहरं घेऊन जाते. ते मोहरं म्हणजे फारसी 'फर्जी', आपला वजीर. सरदाराच्या दुःखात तो वजीर म्हणजे त्याची मेलेली प्रिया असते.

फारसी शब्द इकडेही आलाच होता, मधले मुक्काम न घेता. आपला 'शह' तोच. 'शाह मात'मधली मातही तीच, जिच्यावरून आपण दुखण्यावर मात केली म्हणतो आणि वर्तमानपत्रं राजकारणातल्या शहकाटशहाचे मथळे देतात. म्हणजे मराठीत हा एकच शब्द दोनदा आला. एकदा घोड्यावरून, दरबारी फारसीबरोबर. दुसऱ्यांदा जहाजातून, इंग्रजांबरोबर. आणि मुलुंडला राहणारं माणूस दोन्ही वापरतं, एक संध्याकाळी पटावर आणि एक रिक्षावाल्याशी बोलताना.

माझे आजोबा खेळ शिकवताना पहिल्या दिवशी एकच नियम पक्का करून घेत. शह दिला की समोरच्याला दुसरं काही करता येत नाही. त्याचा कितीही मोठा बेत चालू असो, तुमचा हत्ती फुकट मिळत असो, आधी शहाला उत्तर द्यायचं. राजा हलवा, मध्ये मोहरं घाला किंवा शह देणारं मोहरं मारा. उत्तर दिल्याशिवाय पुढची चाल नाही. मला वाटतं, या शब्दाचा जीव या नियमात आहे. इंग्रजीत तो पटावरून उतरून व्यवहारात शिरला तेव्हा हाच जीव घेऊन गेला: एकाएकी थांबवणं, मग रोखून धरणं, मग अंकुश. पडताळून पाहणं हा अर्थ बराच नंतरचा, सतराव्या शतकाच्या अखेरीचा. आज आपण 'चेक कर' म्हणतो तेव्हा हा शेवटचा अर्थच काय तो मनात असतो. माझ्या लहानपणी मात्र मुलुंडमध्ये जिथे जिथे हा शब्द ऐकू येई, तिथे कुणीतरी कुणालातरी थांबवलेलं असे, आणि थांबलेल्याला उत्तर द्यावं लागे.

नाक्याचंच घ्या. मुंबई महापालिकेची हद्द 1957 साली मुलुंडपर्यंत वाढली. त्याआधी मुलुंड मुंबईत नव्हतं. आमच्या घरातली मोठी माणसं त्यामुळेच 'आज मुंबईला जायचंय' असं म्हणत, दादर-गिरगावला निघताना, आणि मुलुंड मुंबईत आल्यानंतरही ती सवय सुटली नाही. शहराची हद्द जिथे, तिथे जकात. जकात हा अरबीतला 'झकात', मूळ धर्मादायाचा. त्याला इंग्रजीत ऑक्ट्रॉय म्हणत, तो फ्रेंच. गावच्या वेशीवर मालावर घ्यायचा कर इतका जुना, की त्याला नावं देण्यात चार भाषांनी हात लावला. पण लोकांनी नाक्याला ना जकातीचं नाव ठेवलं ना ऑक्ट्रॉयचं. पैसे कुठे जातात याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना दिसे ते गाडी थांबणं.

आणि थांबत तरी किती! रात्री नाशिककडून परतताना घाट उतरून भिवंडी, ठाणे मागे टाकलं की नाक्याच्या बऱ्याच अलीकडे ट्रकांची रांग सुरू होई. पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश, सगळ्या मुलखांच्या नंबरप्लेटा. रांगेत ट्रकच्या खाली चूल पेटवून पोळ्या भाजणारे क्लीनर मी पाहिलेत. दलालांच्या टपऱ्या, पावत्यांची पुस्तकं, निळे कार्बन पेपर, ताडपत्रीची दोरी सोडून आत बॅटरी मारणारा कर्मचारी. घर बदलणाऱ्या माणसाचा टेम्पोसुद्धा थांबवत आणि आत कपाट, गाद्या, तुळशीवृंदावन बघून सोडून देत. आम्ही मुलं ताटकळून झोपी जायचो. वडील हलवून जागं करत आणि म्हणत, "उठा, नाका आला." त्यांच्या त्या वाक्यात घर आल्याचा आनंद असे.

ती रांग चांगली होती असं मी मुळीच म्हणणार नाही. नाशवंत माल सडायचा, चालकाच्या रात्री जायच्या, रोखीचा व्यवहार जिथे इतका तिथे गैरव्यवहारही आलाच. जकात गेली ते योग्य झालं. पुढे 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्याचा आनंद पूर्वेकडच्या हरिओम नगरच्या लोकांना सर्वांत जास्त झाला असणार. त्यांची वसाहत मुलुंडातली, पण टोलनाक्याच्या पलीकडे पडलेली. स्वतःच्याच गावात शिरायला टोल भरायचा, ही कुचंबणा त्यांनी वर्षानुवर्षं सोसली. आता गाडी वेग न मोडता आत येते. माझी मुलं ठाण्याहून येतात तेव्हा मुंबई कुठे लागली हे त्यांना कळतही नाही. नाका कधी मागे पडला हे विचारलं तर नकाशा उघडून बघतात.

'चेक'चं दुसरं रूप कागदी. तेही पटावरूनच आलं, थोडं वळण घेऊन. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल ज्या टेबलावर मोजत ते दहा फूट लांब, पाच फूट रुंद होतं आणि त्यावर चौकटी आखलेलं काळं कापड अंथरलेलं असे. चौकटीत गोट्या सरकवून पौंड, शिलिंग, पेन्सचा हिशेब. रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. कापड बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून त्या कचेरीचं नावच 'एक्स्चेकर', म्हणजे पट. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर आहे. पुढे अठराव्या शतकात खोटी हुंडी ओळखण्यासाठी मूळ कागदाचा जो तुकडा पेढीत राखून ठेवत त्याला 'चेक' म्हणू लागले, कारण त्याने फसवणुकीला आळा बसे. तुकड्याचं नाव हळूहळू सबंध कागदाला लागलं, आणि एक्स्चेकरच्या स्पेलिंगची छाप त्यावर पडली. चौकटींच्या कापडालाही चेक्स, तेही पटावरूनच. आमच्याकडे दिवाळीला मुलुंड बाजारातून एकाच ताग्याचं चेक्सचं कापड यायचं आणि सगळ्या भावंडांचे शर्ट-फ्रॉक त्यातून निघायचे. आजी त्याला चौकड्याचं कापड म्हणायची. मुलुंड पश्चिमेचे जुने रस्ते 1922 साली क्राऊन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी आखले, तेही असेच एकमेकांना काटकोनात छेदणारे. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचा भाग वरून पाहिला तर चौकटीच दिसतात. मुंबईच्या उपनगरांत आधी आराखडा आणि मग वस्ती असं भाग्य फार थोड्यांना मिळालं.

माझ्या वडिलांना पगार पाकिटातून मिळे, रोख. आग्रा रोडच्या दुतर्फा भांडुप-मुलुंड-ठाण्यापर्यंत कारखाने होते आणि सात तारखेला त्या पट्ट्यातल्या घराघरांत ती पाकिटं उघडली जात. चेकबुक घरात आलं ते पुढे, आणि त्याला कपाटाच्या आतल्या कप्प्यात, दागिन्यांच्या डबीशेजारी जागा मिळाली. चेक लिहिणं हा विधी होता. वडील चष्मा पुसत, टेबलावरचं सगळं बाजूला करत. वरच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. मग अक्षरी रक्कम, 'रुपये एक हजार दोनशे मात्र'. ते 'मात्र' लिहून झालं की पुढच्या रिकाम्या जागेवर आडवी रेघ, कुणी काही वाढवू नये म्हणून. सही आधी कोऱ्या कागदावर करून पाहायची. आणि शेवटी उरलेल्या अर्ध्या चतकोर तुकड्यावर तारीख, नाव, रक्कम. त्या तुकड्याचंच मूळ नाव चेक, हे मला फार उशिरा कळलं. वडिलांना ते ठाऊक नव्हतं, तरी चेकपेक्षा तो तुकडा ते अधिक निगुतीने भरत.

चेकला मराठीने धनादेश हा चांगला शब्द दिला, पण लोकांनी क्रियापद घेतलं ते आपलं जुनं. चेक 'वटतो'. हुंडी वटायची, तसाच चेक वटतो. हुंड्यांचा व्यवहार कोळून प्यालेले कच्छी-गुजराती व्यापारी मुलुंडात भरपूर, त्यामुळे बाजारात हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी. न वटलेला चेक ही मोठी नामुष्की. चेकविषयीच्या 1881 च्या कायद्यात 138 वं कलम 1988 साली घातलं गेलं आणि 1989 पासून चेक परत येणं हा गुन्हा झाला, पण आमच्या आळीत त्याच्या कितीतरी आधीपासून तो गुन्हाच होता. 'त्यांचा चेक परत आला' हे वाक्य आवाज खाली आणून बोललं जाई.

जकात गेल्यावर चार-पाच दिवसांतच राज्याचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार महापालिकेत नुकसानभरपाईच्या पहिल्या हप्त्याचा चेक घेऊन आले. 647 कोटींच्या वर. समारंभात दोन राजकीय पक्षांच्या कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या, गोंधळ झाला. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना बाकी राजकारण बाजूला राहिलं आणि मला एवढंच दिसलं, की चेकनाका गेला आणि त्याच्या बदल्यात चेक आला. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी पटाच्या कापडावर गोट्या सरकवणाऱ्या कारकुनांना हा योग ओळखीचा वाटला असता.

आता मुलुंडात भाजीवालीकडे स्कॅनरची पाटी आहे आणि पैसे आल्याचं एक यंत्र मोठ्याने सांगतं. चेकची वाट बघणारी माणसं उरली ती पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींची. जुन्या तीन-चार मजली सोसायट्या पडताहेत, टॉवर उठताहेत. तोवर भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना बिल्डरकडून मिळणारा भाड्याचा चेक हा साऱ्या बोलण्याचा विषय. 'तुमचा आला का?' हा प्रश्न मी संध्याकाळी फिरायला जाते तिथल्या बाकांवर रोज ऐकते. अकरा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक एकदम हातात पडले की ज्येष्ठ मंडळी ते जुन्याच पद्धतीने पाकिटात, पाकीट पिशवीत आणि पिशवी कपाटात ठेवतात. 2012 पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे, हे त्यांतल्या कित्येकांना तारखेनिशी पाठ आहे.

लोकलमधलं चेकिंग हा तिसरा अर्थ, आणि माझ्या आयुष्यात सर्वांत जास्त भेटलेला. 1984 च्या सुमारास मी फोर्टातल्या ऑफिसात जाऊ लागले. बायकांच्या डब्यात टीसी शिरली की ती बातमी तिच्या पुढे धावे. 'चेकिंग आहे' असं कुणीतरी पुटपुटे आणि पर्सच्या चेनींचा आवाज डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. ती पास हातात घ्यायची, पासावरचा नंबर ओळखपत्राशी ताडायची, फोटो बघायची आणि मग तुमच्याकडे बघायची. रोजच्या गाडीची टीसी ओळखीची होती. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला दिवस गेलेत, हेही तिला ठाऊक. तरी पास मागायची, आणि आम्हालाही त्यात गैर वाटत नसे. आज मोबाइलवरचं तिकीट पुढे करायचं असतं. काम पटकन होतं. टीसीची नजर स्क्रीनवर जाते, चेहऱ्यापर्यंत क्वचितच येते.

मध्ये मात्र एक तारीख आहे जिच्यानंतर हा शब्द मुलुंडला वेगळाच ऐकू येऊ लागला. 13 मार्च 2003. संध्याकाळच्या गर्दीची कर्जत लोकल मुलुंड स्टेशनात शिरत असताना बायकांच्या डब्यात बॉम्बस्फोट झाला. माणसं गेली, कित्येक जखमी झाली. त्या डब्यात रोज चढणाऱ्या आम्हा बायकांना कितीतरी दिवस सीटखाली हात घालताना धडधडायचं. तोवर चेकिंग म्हणजे तिकीट. त्यानंतर चेकिंग म्हणजे बॅग. स्टेशनच्या पुलावर, मॉलच्या दारात, नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बॅग उघडून दाखवायची. कालिदास नाट्यमंदिराच्या दारात पहिल्यांदा माझी पर्स उघडायला लावली तेव्हा आत तिकीट, रुमाल आणि गजरा होता. तपासणारी मुलगी वीस-बावीस वर्षांची असेल. तिने 'सॉरी मावशी' म्हटलं. मी म्हटलं, "बघ, बघ, नीट बघ." मनापासून म्हटलं. तेव्हा तसं बघणाऱ्या कुणाचीतरी गरज होती.

अंकुशाचा अर्थही घराघरांत होता. 'पोरांवर जरा चेक हवा' असं शेजारच्या काकू म्हणत. आपल्याकडे वचक हा नेमका शब्द असूनही इंग्रजी शिकलेली माणसं 'चेक' म्हणत, कदाचित तो कमी कडक वाटत असेल. शाळेत वह्या तपासत. बाई लाल शाईने 'पाहिले' लिहून खाली सही करत आणि त्या 'पाहिले'चा आम्हाला अभिमान वाटे, कारण त्यांनी खरंच पाहिलेलं असे. एखादं वाक्य आवडलं तर खाली रेघ ओढलेली असे. डॉक्टरकडे जाणं म्हणजे 'दाखवून येणं'. आजार दाखवायचा नसे, आपल्याला दाखवायचं असे. आज माझ्या वयाच्या सगळ्यांचं फुल बॉडी चेकअप होतं. सकाळी घरी येऊन रक्त नेतात, संध्याकाळी आकड्यांची यादी मोबाइलवर येते आणि ज्या आकड्याशेजारी तांबडी खूण, त्याची काळजी आपली आपण करायची. सोय मोठी आहे, गुडघे धरलेल्या माणसाला तर फारच. पण आमचे जुने डॉक्टर नाडीवर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत असताना जे अर्धं मिनिट जाई, त्यात ते विचारत, "झोप लागते का?" आणि बरीचशी दुखणी त्या उत्तरातून बाहेर पडत.

आता आपण दिवसभर चेक करतो. मेसेज, हवामान, गाडी किती मिनिटांत येते, पार्सल कुठे पोहोचलं, बँकेत किती उरले. कुणाला थांबवत नाही आणि कुणाच्या उत्तरासाठी थांबतही नाही. शब्द घराघरांत पोहोचला, पण पटावरून तो जो नियम घेऊन निघाला होता, तो वाटेत कुठेतरी सुटला.

म्हणून मला मुलांना बुद्धिबळ खेळताना पाहून फार बरं वाटतं. आमच्या वेळी मुलीने बुद्धिबळ गंभीरपणे खेळणं ही बातमी होती. नवाकाळ परिवारातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या तिघी बहिणी तेव्हा गाजत होत्या. वासंती 1974 साली महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेती झाली. रोहिणी 1976 साली, अवघी तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिच्या खेळण्यालाच हरकत घेतली गेली, वाद न्यायालयापर्यंत गेला आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. त्या हरकतीलाही इंग्रजीत 'चेक'च म्हटलं असतं. पोरीने त्याला उत्तर दिलं. आजोबांनी कात्रण काढून पटाच्या पेटीत ठेवलं होतं. 1981 साली रोहिणी आशियाई विजेती झाली तेव्हा दुसरं कात्रण त्यात पडलं. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तिसरं कात्रण मी ठेवलं. पेटी तीच आहे.

माझी नात क्लासला जाते. तिथे तिला शिकवलं आहे की स्पर्धेत शह तोंडाने सांगायचा नसतो. नियमात तशी सक्ती नाही आणि समोरच्याचं लक्ष विचलित करायचं नाही. मोबाइलवर खेळताना तर बोलायचा प्रश्नच नाही. मी तिला सांगितलं, स्पर्धेत तुझे नियम, घरच्या पटावर माझ्या आजोबांचे. इथे 'शह' म्हटल्याशिवाय शह लागत नाही.

"चेक म्हटलं तर चालेल?" तिने विचारलं.

"चालेल. एकच आहे ते."

"एकच कसं?"

मग मी तिला इराणच्या शाहापासून सगळं सांगितलं. फ्रान्स, इंग्लंड, काळ्या कापडाचं टेबल, चेकबुक, टीसी, आपला नाका. ती ऐकत होती की पटाकडे बघत होती, मला सांगता येणार नाही. नाक्यापर्यंत आले तेव्हा तिने घोडा उचलला, माझा राजा आणि वजीर या दोघांपासून अडीच घरांवर ठेवला आणि म्हणाली, "शह, आजी. आता उत्तर दे."

मी राजा हलवला. तिने वजीर नेला.